विकायच्या फ्लॅटला आतून रंग : एका रंगसेवेचे परीक्षण

घर विकायला काढण्यापूर्वी ते आतून रंगवून घ्यायचे ठरले, की हल्ली ओळखीच्या रंगाऱ्याऐवजी रंग कंपन्यांच्या रंगकाम-सेवेला किंवा मोबाइलवरून मागवता येणाऱ्या तशाच एखाद्या सेवेला बोलावण्याकडे लोकांचा कल असतो. कोथरूडमधला, 1990च्या दशकातल्या इमारतीतला, सुमारे 650 चौरस फूट कार्पेट क्षेत्रफळाचा आमचा टू बीएचके फ्लॅट विक्रीसाठी तयार करताना आम्हीही अशीच एक सेवा घेतली. सेवेचे नाव देत नाही, कारण प्रत्यक्ष काम कंपनी करत नाही, तिचा त्या भागातला ठेकेदार करतो आणि ठेकेदार बदलला की अनुभवही बदलतो. शिवाय पुढे जे लिहिले आहे त्यातले बरेचसे या प्रकारच्या कोणत्याही सेवेला लागू पडावे. निष्कर्ष आधीच सांगतो : भिंतींची पूर्वतयारी आणि प्रत्यक्ष रंगकाम यांसाठी अशी सेवा घ्यायला हरकत नाही, मात्र तिच्या सोबत मोफत म्हणून येणारा रंगांचा सल्ला घर विकणाऱ्याच्या उपयोगाचा नाही.

सल्ला देण्यासाठी आलेली तरुणी तिच्या विषयात हुशार होती, हे प्रथम मान्य केले पाहिजे. तिने लेझर मीटरने खोल्या मोजल्या, ओल मोजण्याचे यंत्र भिंतींना लावून पाहिले, शेडकार्डांचा जाडजूड पंखा उलगडला आणि टॅबवर आमच्याच हॉलचा फोटो काढून त्याच्या भिंती वेगवेगळ्या रंगांत रंगवून दाखवल्या. तिची शिफारस अशी होती, की तीन भिंतींना फिकट करडा, टीव्हीमागच्या भिंतीला गडद मोरपिशी आणि त्यावर टेक्श्चर, एका बेडरूमला लव्हेंडर आणि दुसरीला हिरवट छटा द्यावी. घर विकायचे आहे, हे आम्ही फोनवर नोंदणी करताना सांगितले होते आणि ती आल्यावर पुन्हा सांगितले. तरीही सल्ला राहणाऱ्या कुटुंबाला द्यावा तसाच आला. यात तिचा दोष फारसा नाही. या सेवांची सगळी घडण ज्यांना त्या घरात पुढची आठ-दहा वर्षे राहायचे आहे त्यांच्यासाठी झालेली असते. त्यांची आवड काय, मुलांचा आवडता रंग कोणता, पडदे कसले आहेत, असे प्रश्न ठरलेले असतात. विकणाऱ्याला मात्र स्वतःची आवड बाजूला ठेवायची असते आणि ज्याला आपण अजून पाहिलेलेही नाही त्या गिऱ्हाइकाला कशाने अडखळायला होईल याचा विचार करायचा असतो.

हे अडखळणे काल्पनिक नाही. आमच्या हॉलला पिस्ता रंग होता, एका भिंतीला नारिंगी आणि लहान बेडरूमला जांभळा. फ्लॅट दाखवायला येणाऱ्या एजंटाने पहिल्याच भेटीत सांगितले, की असा रंग पाहिला की गिऱ्हाईक खोलीचे माप विसरते आणि रंगाचा खर्च किती येईल ते मनात मोजू लागते. तोच आकडा पुढे घासाघीस करताना तीन पटींनी वाढवून समोर ठेवला जातो. नव्या रंगाने फ्लॅटची किंमत वाढते असे मला वाटत नाही. पुनर्विक्रीचे घर घेणारे बरेच जण ताबा मिळाल्यावर किचनचा ओटा आणि बाथरूम फोडून नवे करतातच, आणि त्या वेळी रंगही नव्याने होतो. रंगाने एवढेच साधते, की भाव पाडण्याचे एक आयते निमित्त समोरच्याच्या हातून जाते आणि जाहिरातीतल्या फोटोंत घर उजळ दिसते. या दोन गोष्टींसाठी जेवढा लागतो तेवढाच खर्च करावा आणि रंगही तेवढ्याच हिशेबाने निवडावा.

त्या हिशेबाने फिकट, किंचित उबदार पांढऱ्याशिवाय फारसे पर्याय उरत नाहीत. पण पांढरा म्हणजे एकच रंग नव्हे, आणि खरी निवड इथूनच सुरू होते. शेडकार्डावर पांढऱ्याच्या जवळच्या कितीतरी छटा असतात आणि टॅबच्या पडद्यावर त्या सगळ्या सारख्याच दिसतात, कारण दोन पांढऱ्यांमधला फरक हा दोन पडद्यांमधल्या फरकापेक्षाही कमी असतो. म्हणून टॅबवरचे रंगदर्शन गडद रंगांसाठी ठीक असले, तरी आमच्या कामी ते आले नाही. सेवेने थेट भिंतीवर नमुन्याचे चौकोन मारून द्यायची तयारी दाखवली होती. तीही आम्ही नाकारली. पिस्ता रंगाच्या भिंतीवर मारलेला कोणताही पांढरा चौकोन आजूबाजूच्या हिरव्यामुळे गुलाबी भासतो आणि त्यावरून केलेली निवड संपूर्ण भिंत रंगवल्यावर वेगळीच निघते. त्यापेक्षा मोठ्या कार्डशीटवर रंगाचे दोन हात मारून, ते वाळल्यावर, कडेने कोऱ्या कागदाची चौकट ठेवून प्रत्येक खोलीत फिरवून पाहणे चांगले. दुकानदार सर्वांत लहान माप मशीनवर रंग मिसळून देतात. त्याचा खर्च एकूण कामाच्या मानाने किरकोळ असतो.

आम्ही चार छटा पाहिल्या. कोणताही रंग न मिसळलेला पांढरा शुभ्र उत्तरेकडच्या बेडरूममध्ये निळसर पडला, कारण उत्तरेचा प्रकाश मुळातच थंड असतो. सल्लागाराने सुचवलेला करडट पांढरा कार्डावर देखणा होता. पण हॉलच्या बाल्कनीबाहेर मोठा गुलमोहर आहे, त्याच्या पानांतून गाळून येणारा उजेड त्यावर पडला की तो शेवाळी झाक मारायचा. क्रीम म्हणून जो रंग आपल्याकडे वर्षानुवर्षे सरसकट दिला जातो तो पश्चिमेच्या उन्हात संध्याकाळी पाच वाजता पिवळाधमक होई आणि भिंत जुनी वाटे. चौथी छटा पांढऱ्यात पिवळ्या मातीचा आणि लाल रंगाचा अगदी थोडा अंश असलेली होती. ती सकाळी जवळजवळ पांढरी, दुपारनंतर किंचित उबदार आणि ट्यूबलाइटखाली तटस्थ राहिली. तीच घेतली. शेडकार्डावरची नावे मोठी काव्यमय असतात. त्यांच्याकडे लक्ष देऊ नये, क्रमांक टिपून ठेवावा.

ट्यूबलाइटचा उल्लेख सहज केलेला नाही. घर पाहायला लोक केव्हा येतात, हे रंग निवडताना कोणी विचारात घेत नाही. आमच्या भागात ते रविवारी सकाळी अकराच्या सुमारास येतात किंवा आठवड्यात कोणत्याही दिवशी ऑफिस सुटल्यावर, रात्री साडेसातनंतर. म्हणजे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना घर कृत्रिम उजेडातच दिसते. आपल्याकडच्या बहुतेक एलईडी ट्यूब 6500 केल्विनच्या, म्हणजे निळसर पांढऱ्या असतात. त्यांच्याखाली करडा रंग सिमेंटसारखा मरगळतो. काही खोल्यांत 6500 आणि काहींत 3000 केल्विनचे पिवळे दिवे अशी सरमिसळ असेल, तर एकाच रंगाच्या दोन खोल्या दोन रंगांच्या भासतात, आणि फोटोत तर हा फरक फारच उठून दिसतो. सगळ्या घरात 4000 केल्विनच्या आसपासचे एकसारखे दिवे लावून घेणे हा रंगकामाचाच भाग समजावा. एजंटाने फोनवर काढलेल्या फोटोंत जो फरक पडला, त्यात रंगाइतकाच वाटा या दिव्यांचा होता.

दुसरी दुर्लक्षित गोष्ट म्हणजे जमीन. 1990च्या दशकातल्या पुण्याच्या इमारतींमध्ये मोझॅकच्या फरशा सर्रास आढळतात आणि त्यांतली खडी पिवळसर, तपकिरी, क्वचित हिरवट असते. भिंत पांढरी शुभ्र किंवा थंड करडी केली, की ही फरशी लगेच मळकट दिसू लागते, आणि पाहणाऱ्याच्या मनात लादी बदलण्याचा खर्च उभा राहतो. भिंतीत तोच पिवळसर अंश थोडासा ठेवला, की फरशी स्वच्छ आणि जाणूनबुजून निवडलेली वाटते. कार्डशीट भिंतीला टेकवून उभी करावी, तिची खालची कड फरशीला लागू द्यावी आणि मग दोन पावले मागे सरून पाहावे. निर्णय तिथल्या तिथे होतो. मशीन लावून मोझॅकला पॉलिश करून घेतले तर खर्च थोडा आणि परिणाम मोठा. हा सल्ला सेवेकडून आला नाही. लादीचे काम त्यांच्या यादीत नसते.

प्रत्येक रंगाचा प्रकाश परावर्तित करण्याचा एक अंक असतो. तो इंग्रजी आद्याक्षरांनी एलआरव्ही म्हणून ओळखला जातो. काळ्यासाठी शून्य आणि शुभ्र पांढऱ्यासाठी शंभर, असे ते मोजमाप आहे. सल्लागाराकडे मागितला तर हा अंक मिळतो, आपणहून कोणी सांगत नाही. समोर दुसरी इमारत असलेल्या, पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटला 75 ते 85 मधला अंक असलेली छटा घ्यावी. 60च्या खाली गेलात तर दिवसाही दिवा लावून घर दाखवावे लागेल.

आता रंगाची प्रत. इमल्शनमध्ये, म्हणजे पाणी मिसळून भिंतींना द्यायच्या रंगात, ढोबळमानाने तीन पायऱ्या आहेत : एशियन पेंट्सचे ट्रॅक्टर, बर्जरचे बायसन, ड्युलक्सचे प्रॉमिस हे परवडणाऱ्या गटातले; ॲपकोलाइट किंवा रंगोली मधल्या गटातले; आणि रॉयाल, सिल्क, व्हेल्व्हेट टच, नेरोलॅकचे इम्प्रेशन्स हे महागड्या गटातले. सेवेचा आग्रह स्वाभाविकपणे वरच्या गटाचा असतो, आणि त्यांचे म्हणणे खोटेही नसते, कारण महाग इमल्शन धुता येते, त्यावर डाग कमी बसतात आणि ते जास्त वर्षे टिकते. पण हे सगळे गुण पुढच्या मालकाला उपयोगी पडणारे आहेत, आणि तो बहुधा वर्षभरात ते खरवडूनच टाकणार आहे. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. जुन्या भिंती नीरू फिनिशच्या, म्हणजे चुन्याच्या बारीक थराच्या, असतात, त्यांत उंचसखल भाग असतात. चकाकी असलेला रंग दिला, की खिडकीतून तिरपा येणारा उजेड प्रत्येक फुगवटा आणि पुट्टीचा प्रत्येक ठिगळा दाखवून देतो. परवडणाऱ्या गटातले इमल्शन मॅट असते आणि मॅट रंग भिंतीचे दोष झाकतो. विक्रीसाठी तेच योग्य. फक्त स्वयंपाकघरात, ओट्यावरच्या टाइल्सच्या वरचा पट्टा धुता येईल अशा रंगाचा करावा, कारण घर विकले जाईपर्यंत तिथे फोडणी होतच राहते.

खर्चाचा अंदाज बांधणे अवघड नाही. भिंती आणि छत मिळून रंगवायचे क्षेत्र कार्पेटच्या साधारण साडेतीन पट धरतात. 650 चौरस फुटांच्या फ्लॅटला ते 2275 चौरस फूट येते. परवडणाऱ्या गटातल्या इमल्शनच्या दोन हातांना मालमजुरीसह प्रति चौरस फूट 15 रुपये धरले तर 34 हजारांच्या आसपास रक्कम होते. महागड्या गटासाठी दर 25 धरला तर ती 57 हजारांच्या जवळ जाते. मधल्या 23 हजारांत दारे, ग्रिल आणि लादीचे पॉलिश यांचा बराचसा खर्च निघू शकतो. कोटेशन हातात आल्यावर तीन गोष्टी विचाराव्यात : दरात 18 टक्के जीएसटी धरला आहे का, दारे-खिडक्यांची मापे वजा केली आहेत का, आणि गडद भिंत झाकण्यासाठी लागणारा जादा हात कोणाच्या खर्चाने. आमच्या नारिंगी भिंतीला प्रायमर मारून वर दोन हात लागले. हे आधी लेखी घेतले नसते तर ते शेवटच्या बिलात आले असते.

घरभर एकच छटा घेण्याचा आणखी एक फायदा मालाच्या हिशेबात दिसतो. एका लिटरमध्ये दोन हात धरून साधारण 130 चौरस फूट होतात, म्हणजे सव्वासोळाशे चौरस फुटांच्या भिंतींना साडेबारा लिटर पुरतो. दहाची बादली आणि चारचा डबा आणला की काम झाले. छतासाठी साधा पांढरा पाच लिटर. हेच चार खोल्यांना चार रंग दिले तर प्रत्येकाचे उरलेले डबे माळ्यावर जाऊन बसतात. छताला भिंतीचाच रंग देऊ नये. जुन्या इमारतींत छत बेताच्याच उंचीवर असते आणि पांढरे ठेवले तर ते थोडे वर गेल्यासारखे वाटते.

दारांविषयी सेवा उदासीन होती आणि हे मला खटकले. घर पाहायला आलेला माणूस भिंतीला हात लावतो न लावतो, पण दाराला हात लावल्याशिवाय आत येत नाही. आमच्या दारांना चॉकलेटी ऑइल पेंट होता, मुठीभोवती काळवंडलेला. तो घासून पाण्यावर आधारित सॅटिन एनॅमल दिले; ते साध्या ऑइल पेंटसारखे काळाने पिवळे पडत नाही. इथे एक सावधगिरी सांगायला हवी. घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसे असू शकते. त्यामुळे जुनी दारे कोरडी घासू देऊ नयेत, पाणी लावून पॉलिश पेपर मारायला सांगावे आणि त्या दिवशी लहान मुलांना घरात ठेवू नये.

पूर्वतयारीत मात्र ही सेवा नेहमीच्या रंगाऱ्यापेक्षा निःसंशय सरस ठरली. भिंती घासण्याचे यंत्र धूळ ओढून घेणाऱ्या नळीला जोडलेले होते, सामानावर प्लॅस्टिक अंथरले होते, स्विचबोर्डांना टेप लावली होती. लांबी, म्हणजे पुट्टी, भरल्यावर ती नीट वाळू दिली आणि दिव्याच्या तिरप्या उजेडात भिंत तपासून पुन्हा घासली. इतकी निगुती हल्ली क्वचित दिसते. स्कर्टिंगवर एकही थेंब राहिला नाही. तीन वर्षांपूर्वी नातेवाइकांकडे झालेल्या कामात बोर्डांच्या कडा रंगाने चिकटून बसल्या होत्या, ते आठवून हा फरक अधिकच जाणवला.

ओलीच्या बाबतीत सेवेचे निदान बरोबर आणि उपाय चुकीचा होता. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर क्षार फुटून पोपडे आले होते आणि यंत्रानेही ओल दाखवली. त्यांनी आतून ओलरोधक लेप देऊन वर रंग मारायचे सुचवले. ओल पलीकडून येत असताना अलीकडून लेप दिला, तर एखादा पावसाळा निघतो आणि मग लेपासकट पापुद्रा सुटतो. आम्ही आधी प्लंबरकडून बाथरूममधला सांधा दुरुस्त करून घेतला, भिंत वाळू दिली आणि मगच रंगाला हात घातला. रंगाखाली ओल दडवून घर विकणे केवळ अनुचितच नव्हे तर कायद्याने धोक्याचेही आहे : मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 55 नुसार, खरेदीदाराला नेहमीची दक्षता घेऊनही कळणार नाही असा महत्त्वाचा दोष आपल्याला माहीत असेल, तर तो उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. शिवाय अनुभवी गिऱ्हाईक नव्या रंगाचा वास आला की आधी संशयच घेते आणि दारामागचा कोपरा, सिंकखालची भिंत, वरच्या मजल्याच्या बाथरूमखालचे छत पाहते. दुरुस्तीचे बिल जपून ठेवले होते ते दाखवता आले, याचा रंगापेक्षा जास्त उपयोग झाला.

कामाची वेळ हाही पुण्यात नाजूक विषय आहे. दसरा-दिवाळीला गिऱ्हाईक निघते, म्हणून त्याआधी घर तयार हवे. पण ऑगस्टमध्ये भिंती वाळत नाहीत आणि दिवाळी जवळ आली की रंगारी मिळत नाहीत. पितृपक्षात घर पाहायला किंवा बोलणी करायला सहसा कोणी येत नाही, त्यामुळे तो पंधरवडा रंगकामासाठी मोकळाच असतो. त्यात काम उरकले तर घटस्थापनेपासून घर दाखवता येते. आम्ही तसेच केले. वास्तुशास्त्रानुसार दिशावार रंगांचा एक तक्ताही सेवेने दिला होता. फिकट उबदार पांढऱ्याला त्यातल्या कोणत्याच दिशेचा आक्षेप निघत नाही, एवढे पाहून तो बाजूला ठेवला.

राहता राहिली एक तक्रार. हॉलमधल्या बीम आणि भिंतीच्या सांध्यात आडवी चीर होती. अशी चीर दोन वेगळ्या साहित्यांच्या जोडावर पडते आणि नुसती भरून थांबत नाही. तिच्यावर जाळीची पट्टी चिकटवून वर लांबी ओढावी लागते. कारागिरांनी पेस्ट भरून वर रंग मारला आणि काही आठवड्यांत ती केसाएवढी पुन्हा उमटली. वर्षभराची हमी होती, त्यामुळे पाठपुरावा केल्यावर माणसे आली आणि त्यांनी जाळी लावून दिली. पण वरचा पट्टा नव्याने मिसळून आणलेल्या रंगाने मारल्यामुळे दुपारच्या उजेडात वेगळा ओळखू यायचा. पुन्हा सांगून अखेर ती सगळी भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मारून घेतली. हमीपत्र आमच्या नावाचे होते. ते खरेदीदाराच्या नावे करून मिळते का, हे काम देण्यापूर्वीच विचारून घ्यावे. आणि पहिल्याच बादलीतला लिटरभर रंग घट्ट झाकणाच्या डब्यात राखून ठेवायला सांगावे, डब्यावरचा शेड क्रमांक, बेस आणि बॅच यांचा फोटो काढून ठेवावा. सामान हलवताना भिंतीला ओरखडे पडतातच, आणि ताबा देण्याच्या आदल्या दिवशी तो लिटर लागतो.